डावीकडची हाक

बोट बुडाली त्याला तेवीस दिवस झाले होते. अडतीस प्रवासी आणि एक तांडेल, म्हणजे बोट चालवणारा. त्यातले सतरा प्रवासी आणि तांडेल जिवंत परत आले नाहीत. 'कारण शोधून अहवाल द्यावा' एवढ्या एका ओळीचा हुकूम घेऊन तपासनीसबाई तलावाच्या धक्क्यावर उतरल्या तेव्हा सकाळचे साडेनऊ वाजले होते. हातात पत्र्याची पेटी. पेटीत फूटपट्ट्या, दोऱ्याचं रीळ, एक छोटा रेकॉर्डर आणि पितळी ओळंबा. भिंत सरळ उभी राहतेय का ते बघायला गवंडी दोरीला बांधून सोडतात, तोच. या ओळंब्यापायी कचेरीतले लोक त्यांना पाठीमागे 'ओळंबाबाई' म्हणत. बाईंना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. बावन्नाव्या वर्षीही कुणाची भिंतीवरची तसबीर तिरकी दिसली, की परक्या घरातसुद्धा उठून सरळ करणारी बाई ती.

धक्क्यावरच्या कचेरीत मालकांनी स्वतः खुर्ची पुढे केली. गृहस्थ बोलायला लोण्यासारखे मऊ.

"तुम्हाला उगाच दगदग, बाई. कारण काय, शेंबडं पोरही सांगेल. धाकट्यानं वळण जोरात मारलं. गाळातून बोट वर काढली तेव्हा सुकाणू पार डावीकडे फिरलेलं होतं. तुमच्याच माणसांनी फोटो काढलेत."

"आणि बोट कुठल्या अंगावर कलंडली?"

"डाव्याच."

"बरं," असं म्हणून बाईंनी वहीत दोन शब्द लिहिले आणि त्यांखाली रेघ मारली.

"हिची जुळी बोट आहे आमच्याकडे. एकाच कारखान्यातली, एकाच वर्षीची. ती रविवारपासून सोडतोय. लोकांनाही दुःख विसरायला काहीतरी हवं ना?"

बाईंनी मान वर केली. त्या दिवशी बुधवार होता.

धाकटा म्हणजे बुडालेल्या बोटीचा तांडेल. जुळ्या बोटीवर त्याचा सख्खा भाऊ. धक्क्यावर दोघांना थोरला आणि धाकटा एवढंच म्हणत. धाकटा गेला आणि वर खापरही त्याच्याच डोक्यावर फुटलं. त्याच्या घराची खिडकी कुणीतरी दगड मारून फोडली होती. त्याची बायको लेकीला घेऊन माहेरी निघून गेली होती.

दोन दिवस बाईंनी वाचलेल्या माणसांची दारं ठोठावली. एकवीस माणसं, एकवीस जबान्या. गोष्ट सगळ्यांची एकच. साडेचारची वेळ, ऊन सौम्य, वारा नाही, पाणी तेलासारखं निवांत. तलावाच्या मधोमध बोट आली आणि माणसं उठून डाव्या बाजूला गेली. का गेली? इथे आलं की एकेकाची गाडी अडायची. कुणी म्हणे, सगळे गेले म्हणून मी गेलो. कुणी म्हणे, काहीतरी बघायला. काय बघायला, ते सांगता येईना.

सगळ्यात शेवटी बाई एका निवृत्त परिचारिकेकडे गेल्या. साठी उलटलेल्या, एकट्या राहणाऱ्या. खोली लख्ख, भांडी पालथी घालून ठेवलेली. बोलताना त्यांनी खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरले होते, बसल्या जागी कुणी ओढून नेईल म्हणून धरावेत तसे.

"मला हाक आली," त्या हळूच म्हणाल्या. "डावीकडून. पाण्यातून."

"कुणाची?"

"'आई' म्हणून आली. मुलाची."

"तुमचा मुलगा होता बोटीवर?"

"माझं मूल जन्मलं त्याच दिवशी गेलं हो. पस्तीस वर्षं झाली. त्यानं मला कधी हाक मारलीच नव्हती... तरी मी आवाज ओळखला."

बाईंनी ते जसंच्या तसं उतरवून घेतलं. पुढे कंसात 'धक्का बसल्यामुळे?' असं लिहिलं आणि पेन मिटलं. हाक वजनात मोजता येत नव्हती. बोट का कलंडली, ते मात्र मोजता येणार होतं.

शुक्रवारी धक्क्याला बांधलेल्या जुळ्या बोटीवर काम सुरू झालं. बाईंनी वाळूची अडतीस पोती मागवली, माणसागणिक एक. वीस वरच्या मजल्याच्या बाकांवर, अठरा खालच्या. हमालांनी ती बसवली तेव्हा लांबून खरंच सहलीला निघालेली माणसं वाटत होती, फार शहाणी आणि गप्प. खालच्या मजल्यावर बाईंनी छताच्या कडीला दोन मीटरचा दोरा बांधला, ओळंबा पाण्याच्या बादलीत सोडला म्हणजे तो झुलत राहणार नाही, आणि दोऱ्यामागे आडवी पट्टी ठोकली. बोट सरळ असेल तर दोरा शून्यावर. कलली, की जितकी कलेल तितके सेंटिमीटर त्या बाजूला.

थोरला दाराशी उभा राहून बघत होता. पन्नाशीचा, रुंद खांद्यांचा, दाढी वाढलेली.

"उजवीकडचं एक पोतं डावीकडे," बाई म्हणाल्या.

दोरा सरकला. दुसरं पोतं, तिसरं, चौथं. सहाव्या पोत्याला बाईंनी हात वर करून हमालांना थांबवलं. कारखान्याच्या कागदावर जेवढा हवा त्याच्या दुप्पट आकडा पट्टीवर दिसत होता. आणखी दहा-बारा पोती तिकडे गेली असती, तर डावा काठ पाण्याखाली गेला असता.

"थोरले, तळाच्या फळ्या उचलायच्या आहेत."

थोरला जागचा हलला नाही. मग वाकला आणि त्यानं एकेक फळी उचलली. खाली ओल्या लोखंडाचा वास होता. तळाला चौकोनी कप्पे होते, सगळे रिकामे, आणि प्रत्येक कप्प्यात गंजाचा चौकोनी डाग.

"इथे काय होतं?"

"ठोकळे. लोखंडी. चोवीस," थोरला खाली बघत म्हणाला. "उन्हाळ्यात पाणी उतरलं की बोट तळाला घासायची. मालक म्हणाले, हलकी करा. म्हणजे फेऱ्या बंद ठेवायला नकोत."

"आणि वरचा मजला?"

"तो त्याच्या आदल्या वर्षी चढवला."

वर ओझं वाढवलं होतं आणि बूड हलकं केलं होतं. बाईंना हवं ते सापडलं होतं. तरी त्यांनी विचारलं, "ठोकळे काढले कुणी?"

थोरल्यानं दोन्ही हात पुढे केले. "हे बघा. या हातांनी. दोन्ही बोटींतले. धाकटा नको म्हणत होता, भांडला माझ्याशी. मी म्हटलं, तू गप्प बस, तुला काय कळतंय."

"लिहून द्याल?"

"नोकरी जाईल, बाई."

"जाईल," बाई म्हणाल्या. खोटा धीर द्यायची त्यांची पद्धत नव्हती.

थोरल्यानं हात पँटला पुसले आणि पेन मागितलं.

तेवढ्यावर अहवाल पुरा झाला असता. पण मालकांचा वकील 'वळण, वळण' असा घोष लावणार हे बाईंना कळत होतं. त्या वळणाचा निकाल पाण्यावरच लागणार होता. म्हणून शनिवारी दुपारी पोती दोन्ही बाजूंना सारखी वाटून, दोरखंडांनी करकचून आवळून, जुळी बोट बाहेर काढली. बोटीवर माणसं दोनच. थोरला सुकाणूवर आणि बाई ओळंब्यापाशी खाली बसलेल्या, मध्ये चार पावलांचं अंतर. दोघांच्याही अंगात तरंगती जाकिटं. मागे शंभर पावलांवर बचावबोट, तीत तिघेजण. बाईंनी रेकॉर्डर चालू करून बाकावर ठेवला आणि वही थोरल्यापुढे सरकवली.

"मी आकडे वाचीन, तुम्ही लिहायचे. काही झालं तरी."

साडेचारला पाच मिनिटं असताना बोट तलावाच्या मधोमध आली. ऊन सौम्य. वारा नाही.

"सुकाणू पूर्ण डावीकडे," बाई म्हणाल्या.

थोरल्यानं चाक फिरवलं. बोट डावीकडे वळली आणि दोरा हळूहळू उजवीकडे सरकला. नऊ सेंटिमीटर. पुन्हा केलं, पुन्हा नऊ, उजवीकडेच.

थोरला वळून बघत राहिला. "डावीकडे वळली की ही उजवीकडे कलते..."

"कलणारच. मोटार वळली की आपण बाहेरच्या बाजूला कलतो ना, तसं. वळणानं बोट पडली असती, तर उजव्या अंगावर पडली असती."

"मग धाकट्यानं..."

"इंजिन बंद करा. शेवटचा शून्याचा आकडा घेऊ आणि परत जाऊ."

इंजिन थांबलं. पाण्याची चुबुकचुबुक थोडा वेळ ऐकू आली, मग तीही विरली. दोरा शून्यावर येऊन उभा राहिला. बाईंनी तोंड उघडलं आणि तेवढ्यात दोरा हलला.

"दोन," त्या म्हणाल्या. "डावीकडे."

दोघंही जागच्या जागी होते. बाईंनी खालच्या पोत्यांकडे नजर टाकली. गाठी पक्क्या. एकही पोतं तसूभर हललेलं नव्हतं.

"चार. डावीकडे."

मग वरच्या मजल्यावर एक पाऊल वाजलं. अनवाणी, ओलं पाऊल फळीवर पडतं तसं. त्याच्यामागे दुसरं. मग पुष्कळ. घाई नव्हती त्यांना. उजवीकडून डावीकडे, एकामागून एक, आणि डाव्या काठाशी जाऊन थांबत होती. जिन्यावरून वास उतरला, बरेच दिवस पाण्यात पडून राहिलेल्या कपड्यांचा.

"वर... वर कोण आहे?" थोरला पुटपुटला.

"पोती आहेत. लिहा. साडेसहा."

बाईंचा आवाज कोरडा पडला होता, पण आकडा स्पष्ट होता. नऊ. साडेअकरा. चौदा. पंचविसाच्या पुढे दोरा गेला की डाव्या काठावरून पाणी आत येणार, हे गणित त्यांनीच आदल्या दिवशी मांडलं होतं. खिडकीतून दिसणारं पाणी वर चढत होतं.

आणि हाक आली.

"टिटवे..."

लहानपणी बाई अखंड बडबडत, म्हणून वडील त्यांना टिटवी म्हणायचे. वडील जाऊन अकरा वर्षं झाली होती. हे नाव नवऱ्यालासुद्धा माहीत नव्हतं.

"ए टिटवे... इकडे बघ जरा. किती वेळ उभा आहे मी."

आवाज थकलेला होता आणि मायेनं भरलेला. डावीकडून, खिडकीच्या अगदी खालून येत होता. फक्त दोन पावलं टाकून डोकावायचं होतं. भीती वाटली असती तर सोपं गेलं असतं. बाईंना भीती वाटलीच नाही. डोळ्यांत पाणी आलं आणि गुडघे आपोआप सरळ झाले. म्हणजे अशी उठली ती माणसं, त्यांच्या मनात आलं. अडतीसच्या अडतीस. आपल्या माणसाला भेटायला.

त्यांनी बाकाच्या लोखंडी पायाला हाताचा विळखा घातला आणि नजर पट्टीवर रोवली.

"सतरा! थोरले, सतरा लिहा!"

थोरला लिहीत नव्हता. चाक सोडून तो डावीकडे तोंड करून उभा होता, आणि त्याचे ओठ लहान मुलासारखे थरथरत होते.

"धाकटा आहे, बाई... म्हणतोय, दादा, हात दे. नुसता हात दे म्हणतोय..."

"अठरा. लिहा."

"मीच काढले ना ठोकळे... मला गेलंच पाहिजे..."

"तुमचा भाऊ तुम्हाला पाण्यात ओढील का हो?" बाई ओरडल्या. "तो तुमच्याशी भांडला तो कशासाठी? बोट बुडू नये म्हणून! हा तो नाही. एकोणीस! लिहा!"

थोरल्याचं पाऊल अधांतरी थांबलं. त्यानं बाईंकडे बघितलं, मग चाकाकडे. त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी लख्ख उजळलं. त्यानं झेप घालून इंजिन सुरू केलं आणि सगळं अंग टाकून सुकाणू डावीकडे फिरवलं, पार शेवटपर्यंत.

"धाकट्यानं हेच केलं होतं!" तो रडत ओरडला. "बोट डावीकडे पडत होती म्हणून डावीकडे वळवली त्यानं! उभी करत होता, बाई! शेवटपर्यंत उभी करत होता!"

"एकवीस," बाई म्हणाल्या. "बावीस. बावीसच."

बोट थरथरली. बाराव्या आकड्यानंतर दोरा कितीतरी वेळ एका जागी उभा राहिला. मग वरची पावलं वाजायची थांबली, आणि दोरा रेंगाळत शून्याकडे निघाला. तेरावा आकडा होता चौदा. बाईंनी तोही वाचला आणि थोरल्यानं तोही लिहिला. अक्षर इतकं वेडंवाकडं, की पुढे बाईंनाच ते लावत बसावं लागलं.

बचावबोटीतल्या तिघांना हाक ऐकू आली नव्हती. त्यांनी एवढंच सांगितलं, की निवांत पाण्यात बोट आपली आपणच कलली, आणि आतून एक बाई पाढे म्हणावेत तसे आकडे ओरडत होत्या.

त्याच संध्याकाळी बाईंनी जुळ्या बोटीला सील ठोकलं. मालकांचा मऊपणा त्या दिवशी संपला. त्यांनी वरपर्यंत फोन केले, बाईंना बघून घेण्याची भाषा केली. बाईंनी ऐकून घेतलं आणि सीलवरची सही पुन्हा एकदा गडद केली. थोरल्याची नोकरी दुसऱ्या दिवशी गेली. सोमवारी अहवालाचा मसुदा तयार झाला. वर चढवलेला मजला, तळातून काढलेले ठोकळे, आणि कलंडणारी बोट सावरण्यासाठी तांडेलानं केलेली शर्थ. थोरल्यानं तेवढं पान स्वतः नेऊन भावजयीच्या हातात दिलं. तिनं ते दोनदा वाचलं आणि लेकीला जवळ घेऊन म्हणाली, "चल, आपल्या घरी जायचं."

अहवालातलं एकच वाक्य बाईंना डाचत होतं. 'प्रवासी एकाच बाजूला का गेले, याचं कारण निश्चित होऊ शकलं नाही.' तीन वेळा खोडून तीन वेळा त्यांनी तेच लिहिलं होतं.

गुरुवारी दुपारी बाईंच्या टेबलावरचा फोन वाजला. तिसऱ्या मजल्यावरून टंकलेखक नाना बोलत होते. निवृत्तीला आठ महिने उरलेले, गमत्या स्वभावाचे. रेकॉर्डरवरची चाचणी कागदावर उतरवायचं काम त्यांच्याकडे होतं. आजवर बाईंनी ती स्वतः ऐकली नव्हती.

"बाई, बाराव्या आणि तेराव्या आकड्याच्या मध्ये तुम्ही मला हाक मारलीत. ती लिहू की गाळू?"

"मी? तुम्हाला?"

"बाईचा आवाज आहे म्हणजे तुम्हीच की. 'गुंड्या' म्हणताय." नाना हसले. मग जरा थांबून म्हणाले, "पण हे नाव तुम्हाला सांगितलं कुणी? माझी ताई म्हणायची. ती जाऊन चाळीस वर्षं झाली हो."

बाई उठून उभ्या राहिल्या. "नाना, आवाज कुठल्या कानात येतोय?"

"डाव्या."

"तुमच्या डाव्या हाताला काय आहे?"

"खिडकी. का बरं?"

"हेडफोन काढा. आत्ताच्या आत्ता."

"तो तर तुम्हाला फोन लावतानाच काढला." पलीकडे श्वास अडखळला. "तरी येतोय, बाई..."

"खुर्ची घट्ट धरा. उठायचं नाही. समोर लिहिलेले आकडे मोठ्यानं वाचा, संपले की पहिल्यापासून. मी आले."

तीन मजले बाई धावत चढल्या. जिन्यात नानांचा आवाज घुमत होता. चार... साडेसहा... नऊ... दारातून आत शिरल्या तेव्हा नाना डोळे गच्च मिटून, खुर्चीला चिकटून वाचत होते. बाईंनी त्यांना दंडाला धरून उठवलं, पाठीवर हात ठेवून बाहेर आणलं, पाणी पाजलं. "वाचलात," त्या म्हणाल्या. "आता काही नाही." नानांनी मान डोलावली.

मग खिडकी लावून घ्यायला बाई परत आत गेल्या, आणि दारातच थबकल्या.

दुपारच्या सुट्टीत बाकीचे टंकलेखक खाली गेलेले होते. त्यांच्या खुर्च्या टेबलांपाशी नव्हत्या. सगळ्या खिडकीशी होत्या, दाटीवाटीनं, एकीला एक खेटून, खाली बघायला जमलेल्या. नानांचीच तेवढी जागेवर होती. आणि त्या दाटीत, अगदी पुढे, खिडकीला लागून, एका खुर्चीपुरती जागा मोकळी सोडलेली होती.